बऱ्या पायाची पट्टी

ड्रेसरकाकांना शवपेटीत ठेवायच्या आधी त्यांच्या डाव्या पायाची पट्टी बदलावी, असं त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या कुणाला तरी वाटलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पट्ट्या बदलणारा माणूस मळक्या पट्टीनं जायला नको, हा विचार तसा चांगलाच होता. त्यांनी पट्टी सोडली आणि आत जखम नव्हती.

चौदा वर्षं सगळ्या रत्नागिरीनं ती पट्टी पाहिली होती. मग एक बाई मोठ्यानं म्हणाल्या, "प्रभूची स्तुती असो!" आणि बघता बघता अंगणापर्यंत बातमी गेली, की देवानं शेवटच्या श्वासाबरोबर काकांचा पाय बरा केला. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. मी दाराशी हार घेऊन उभा होतो. तो पाय बरा होऊन तीन वर्षं होत आली होती आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. पण मी काही बोललो नाही. गप्प राहण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या आळीत नाही.

ड्रेसर हा हॉस्पिटलातला हुद्दा. जखमा धुवायच्या, मलमपट्टी करायची. काकांनी ते काम इतकी वर्षं केलं, की त्यांचं खरं नाव मी फक्त त्यांच्या पेटीवर वाचलं. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. उंच, काटकुळा देह, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, डाव्या पायाला घोट्यापासून पोटरीपर्यंत पट्टी आणि त्यामुळे थोडं लंगडणं. रस्त्यात भेटले की आधी आपल्या पायांकडे बघायचे, मग तोंडाकडे. "डावी चप्पल आतून झिजली तुझी. गुडघा धरतो काय?" हाच त्यांचा नमस्कार. लग्नाला आले तर मांडवात कमी आणि चपलांच्या ढिगापाशी जास्त. एकदा तिथूनच त्यांनी नवऱ्यामुलाच्या मामाला साखर असल्याचं ओळखलं होतं. मामांचं जेवण कडू झालं, पण रक्त तपासल्यावर साखर निघाली.

आमच्या घरी ते आले ते आबांच्या पायामुळे. आबा म्हणजे माझे वडील. एस.टी.त ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर गावाबाहेरच्या आमच्या आंब्याच्या पाच-पंचवीस कलमांपाशी दिवस काढायचे. एका मे महिन्यात भर दुपारी अनवाणी कातळावरून चालत आले आणि तळव्याला फोड आले. साखरेनं पायाची जाणीवच खाल्ली होती, त्यामुळे त्यांना कळलंच नाही. फोडाची जखम झाली, जखमेनं अंगठा काळा केला. डॉक्टर म्हणाले, रोज स्वच्छ ठेवा. वर सरकली तर गुडघ्याखालून काढावा लागेल.

पाय उजवा होता, ब्रेकचा. आबा मरणाला भीत नव्हते, पण त्या पायावाचून जगायला भीत होते. "ह्या पायान आंबा घाट उतरवलाय मी, पावसात, साठ मान्सा घेऊन," असं सांगायचे आणि पायाकडे असे बघायचे, की मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

काका रोज सकाळी दहाला यायचे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कात्री, चिमटा, उकळलेला कापूस. मोबदला म्हणून जुनं, मऊ, सुती कापड मागायचे. आईची तीन नऊवारी लुगडी अशी पट्ट्या होऊन गेली. पट्टी सोडली की जखम बघायच्या आधी ती पट्टी नाकाशी न्यायचे. मला पहिल्यांदा शिसारी आली.

"डोळा फसतो, नाक फसत नाय," ते म्हणाले. "घे, वास घे. बापाचाच पाय आहे."

मला जमलं नाही. आबांनी मात्र पट्टी ओढून घेतली, हुंगली आणि म्हणाले, "जल्ला, डिझेल बरा ह्याच्यापेक्षा." त्या दिवसापासून रोज दोघांनी पट्टी हुंगायची असा नेमच झाला. आज कमी आहे, आज गोडूस आहे, आज सुक्या मासळीसारखा आहे. माझी बायको तेवढा वेळ मागच्या दारी जाऊन बसायची.

"बरं होईल" हे शब्द काकांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. आबांनी विचारलं तर म्हणायचे, "स्वच्छ होईल." एकदा मी वैतागलो. म्हटलं, काका, म्हाताऱ्या माणसाला जरा धीर द्या की. त्यावर ते खाली बसले, स्वतःची पट्टी सोडली आणि आपला डावा पाय आबांच्या पायाशेजारी ठेवला. घोट्याच्या वर हाताच्या पंजाएवढी ओली जखम.

"अकरा वर्षं झाली," ते म्हणाले. "शिर फुगते, रक्त साचतं, कातडी फाटते. सगळी औषधं माहीत आहेत मला. आता बोला."

आबांनी वाकून ती नीट पाहिली. मग खुशीत आले. खरंच खुशीत. "तुमची माज्यापेक्षा मोठी हाय हो डॉक्टर!" असं म्हणाले. ते काकांना डॉक्टर म्हणायचे आणि काका त्यांना डायवर. शहाण्यानं धीर द्यायला शब्द शोधावेत आणि या माणसानं पाय उघडून दाखवावा, हे मला तेव्हा विचित्र वाटलं. पण त्या रात्री आबा कितीतरी दिवसांनी गाढ झोपले, हेही खरं.

काकांच्या मंडळीत त्या पायाची सगळ्यांना काळजी होती. खेडच्या बाजूला आरोग्यप्रार्थनेची सभा भरायची, तिथे त्यांना गाडीत घालून न्यायचे. काका पहिल्या रांगेत बसायचे. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना व्हायची, शेजारचे उठून साक्ष द्यायचे, कुणाची पाठ मोकळी झालेली, कुणाचा दमा गेलेला. काका तीच पट्टी घेऊन परत यायचे. मग त्यांना सांगितलं जायचं, तुमचा विश्वास कमी पडतो. ते मान डोलवायचे.

"मग जाता कशाला?" मी विचारलं.

"बोलावतात म्हणून जातो. आणि मागायला लाज कसली? आमच्यात एक मोठा माणूस होऊन गेला, त्याच्या अंगात काटा होता, म्हणजे असंच कसलं तरी दुखणं. त्यानं तीनदा मागितलं, मग गप्प झाला. मी रोज मागतो. मीच निर्लज्ज."

"आणि नाही मिळालं तर?"

"तेच तर कळत नाय." मग पट्टीची गाठ मारता मारता एकदम म्हणाले, "मला दुसरंच कळत नाय. येशू मेल्यातून उठला, सगळं नवं झालं ना त्याचं? मग हातातल्या खिळ्यांच्या जखमा तेवढ्या का ठेवल्या? बऱ्या करायला काय कठीण होतं? मी आपला ड्रेसर म्हणून विचारतो." मी काय सांगणार, मी सत्यनारायणाच्या प्रसादापुरता धार्मिक. पाळकसाहेबांना विचारलंत का, म्हटलं. ते म्हणाले, "विचारलं. ते म्हणाले, काका, चहा घ्या."

पट्टी झाली की ते रोज विचारायचे, "डायवर, दोन शब्द बोलू?" आबा रोज म्हणायचे, "बोला. तुमचो देव रिकामो आसलो तर." एरवी आमच्यासारखंच नाय-हाय बोलणारा हा माणूस डोळे मिटले की एकदम पुस्तकी व्हायचा. "हे स्वर्गीय पित्या, तुझ्या या लेकरावर कृपादृष्टी ठेव..." अर्ध्या मिनिटात संपायचं. आबांना ती भाषा भारी आवडायची. कलेक्टरला अर्ज केल्यासारखी वाटते, म्हणायचे.

कुणीतरी तक्रार केली. ड्रेसर घरोघर जाऊन आजारी माणसांना बाटवतो, असा अर्ज. कुणी केला ते आजवर समजलं नाही, आणि समजावं अशी माझी इच्छाही नाही. एक हवालदार माझ्याकडे आले. सभ्य होते. तुमच्या घरी येतात ना, मग जबाब द्या. प्रार्थना करतात का? मी सरकारी कचेरीत कारकून, बढतीची फाईल वर गेलेली. अक्षर नीट काढलं. "होय, पट्टी केल्यावर ते त्यांच्या धर्माची प्रार्थना करतात." खाली सही.

यात खोटं काहीच नव्हतं. विचारल्याशिवाय करत नाहीत, आबा स्वतः होकार देतात, दोन वर्षांत त्यांनी आम्हाला कधी एक कागद दिला नाही की प्रार्थनेला चला म्हटलं नाही, हे मी लिहिलं नाही. त्याला जागा होती. अर्धं पान कोरं होतं.

काकांना चौकीत बोलावून घेतलं, दिवसभर बसवलं आणि संध्याकाळी समज देऊन सोडलं, की लोकांच्या घरात जायचं नाही. आळीतले लोक त्यांना टाळू लागले. ज्यांचे पाय त्यांनी धुतले होते तेही समोरून येताना रस्ता ओलांडायचे. मी पण एकदा ओलांडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाहेरून हाक आली. "डायवर, बाहेर या." काका आमच्या गडग्यावर, म्हणजे अंगणाच्या चिऱ्यांच्या कुंपणावर, रस्त्याच्या बाजूला बसले होते. घरात जायला बंदी होती, रस्त्यावर नव्हती. आबा माझ्या खांद्याला धरून लंगडत गेले आणि गडग्यावर बसले. भर रस्त्यात पट्टी सुरू झाली. काकांनी तोंडाला कोविडातला उरलेला मास्क लावला होता, ओठ हलले असं कुणी म्हणायला नको म्हणून. आणि गाठ मारताना डोळे सताड उघडे. पापणीसुद्धा न लवता समोर बघत राहिले, डोळ्यांतून पाणी आलं तरी.

"मिटा हो जरा, धुरळा जातोय," आबा म्हणाले.

काकांनी मान हलवली. नाही.

तेव्हा आबांनी जे केलं, ते मला अजून समोर दिसतं. त्यांनी टोपी सारखी केली, हात जोडले आणि देवळात घालतात तसं भर रस्त्यात गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ह्यो डॉक्टर रोज माज्या पायाशी बसताय. ह्येचो सोताचो पाय अकरा वर्सा वाहताय. लोकांनी ह्येच्या तोंडाक फडको बांधलानी, म्हणून ह्येच्या वतीन मी सांगताय. काय चुकला-माकला आसल तर पदरात घे, नि ह्येचो पाय बरो कर रे म्हाराजा!"

रस्त्यानं एक मासेवाली चालली होती. गाऱ्हाणं कानावर पडलं की कोकणातल्या माणसाचं तोंड आपोआप उघडतं. पाटी सावरत ती म्हणाली, "व्हय म्हाराजा!" आणि निघून गेली. मास्कच्या आत काकांचेही ओठ हलल्यासारखे वाटले. काय म्हणाले ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

त्यानंतर रोज तसंच. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत गडग्यावर पट्टी, मास्क, उघडे डोळे आणि आबांचं गाऱ्हाणं. स्वतःच्या पायासाठी आबांनी एक अक्षर मागितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आपल्यासाटी आपण गाऱ्हाणा घालतात काय? दुसऱ्यान घालायचा आसता."

आणि आबांचा पाय बिघडला. काळेपणा घोट्याकडे सरकला, ताप आला, दवाखान्यात हलवावं लागलं. डॉक्टरांनी गुरुवारी पाय काढायचं ठरवलं. ते सांगायला मी काकांकडे गेलो. ते मागच्या दारी पट्ट्या धूत होते आणि नळाखाली त्यांचा डावा पाय उघडा होता. जखमेच्या जागी गुलाबी, चकचकीत कातडी होती, तान्ह्या पोराच्या तळव्याची असते तशी.

काकांनी पाय झाकायला ओलं फडकं ओढलं, चोरी पकडल्यासारखं.

"कधी?"

"दोन महिने झाले." ते खाली बघत होते. "आबांना सांगू नको. तुझ्या पाया पडतो."

"अहो, पण चांगलीच गोष्ट आहे ना काका!"

तेव्हा ते रागावले. त्यांना रागावलेलं मी तेवढंच पाहिलं. "काय चांगलं? त्याचा अंगठा काळा पडला त्या दिवसापासून मी माझं मागायचं सोडून दिलं होतं. म्हटलं, एका वेळी एकच काम सांगावं. रोज त्याचा पाय मागत होतो. आणि हे बघ, आलं कुठे! पत्ता चुकल्यासारखं. आता हा पाय घेऊन मी त्याच्यासमोर बसू? त्याला काय सांगू, मला दिलं, तुला नाय दिलं?"

"मंडळीत तरी सांगा."

"साक्ष द्यायला उभं करतील. काय सांगू? एका डायवरनं गडग्यावर बसून गाऱ्हाणं घातलं नि मी बरा झालो? ते मला काढतील, बाहेरचे तुझ्या बापाला धरतील." ते हसायला गेले आणि रडले. गुरुवारबद्दल मी सांगितलं, तेव्हा ते ओल्या दगडावर तसेच खाली बसले.

मी म्हटलं, "काका, तो जबाब..."

"वाचला मी. दाखवला त्यांनी." त्यांनी नळ बंद केला. "खोटं काय नाय त्यात. पण बाकीचं का नाय लिहिलंस?" त्यात टोमणा नव्हता. ताप कधीपासून आहे, असं पेशंटला विचारावं तसं त्यांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"घाबरलो," मी म्हटलं. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्यांनी पट्टी पिळली. "मी पण घाबरलो तिथे. बापाचं नाव चुकीचं सांगितलं."

गुरुवारी आबांचा पाय गुडघ्याखालून गेला. घरी आणल्यावर काका पुन्हा हजर, आता थेट घरात. समज वगैरे सगळे विसरले होते, किंवा एक पाय गेलेल्या म्हाताऱ्याच्या घरी कुणाला काही म्हणायचं नव्हतं. काकांच्या डाव्या पायाला पट्टी होती, अगदी आधीसारखी, आणि ते लंगडत होते. कधी कधी लंगडायचं विसरायचे. मग दारात आठवण होऊन पाय ओढायला लागायचे, आणि आबा नेमके तेव्हा खिडकीबाहेर बघत असायचे.

मंडळीच्या सभांनाही ते तसेच जात राहिले. पहिल्या रांगेत पट्टी बांधून बसायचे, विश्वास कमी पडतो हे ऐकून घ्यायचे आणि परत यायचे. बऱ्या पायासाठी बोलणी खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एक दिवस काका गेल्यावर आबा मला म्हणाले, "त्येचो पाय बरो झालोय."

मी दचकलो. "कुणी सांगितलं?"

"माजा नाक काय कापलानी? गडग्यावर होतो तेवाच वास बंद झालता." आणि मग त्यांचा चेहरा असा उजळला, की गेलेल्या पायाच्या जागी दुमडलेलं धोतरही मला क्षणभर दिसेना. "म्हाराजान आयकलान बघ माजा. अकरा वर्सा कोणाच्यान झाला नाय ता."

"मग त्यांना बोललात का नाही?"

"लाजल तो. यायचो बंद होईल. तू पण बोलू नको हां."

म्हणजे काकांनी सांगितलं होतं आबांना सांगू नको आणि आबांनी सांगितलं काकांना सांगू नको. यात खरा रोगी कोण आणि धीर कोण कुणाला देत होतं, याचा मी पुष्कळ विचार केला. पाय कुणाच्या मागण्यानं बरा झाला, काकांच्या देवानं की आबांच्या म्हाराजानं, की शिर आपोआप बसली, आणि मग आबांच्या पायासाठी केलेलं मागणं वाटेत कुठे हरवलं, याचाही केला. मागे एका रविवारी काका चहाला आले होते. आबांनी वाकून त्यांच्या पट्टीजवळ नाक नेलं, तोंड वाकडं केलं आणि गंभीरपणे म्हणाले, "आज जरा वास मारताय हो डॉक्टर. जपा."

काकांना इतका आनंद झाला, की त्यांना चहाचा कप खाली ठेवावा लागला. "जपतो," ते म्हणाले. "तुमच्याएवढं कुठे आमचं."

काकांच्या मातीहून मी परत आलो तेव्हा आबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. त्यांना येता आलं नव्हतं. मी हातपाय धुऊन त्यांच्यासमोर बसलो.

"पट्टी सोडलानी काय रे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग?"

"चमत्कार म्हणतात. शेवटच्या दिवशी देवानं बरं केलं म्हणतात."

आबांनी गडग्याकडे पाहिलं. "तू काय बोल्लास?"

"काही नाही. गप्प राहिलो."

त्यांनी मान डोलावली. "ह्या खेपेला बरा केलास," ते म्हणाले आणि पुन्हा बाहेर बघू लागले.

जबाबाबद्दल मी आबांना कधी सांगितलं नव्हतं. काकांनी सांगितलं नसणार, हे मी शपथेवर सांगेन. थोड्या वेळानं आबा म्हणाले, "जरा पाणी दे." मी पाणी आणायला आत गेलो आणि बराच वेळ मला बाहेर येता आलं नाही.